कुपाटीपासून वीस पावलं

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीच्या बाईंनी माझ्या वहीवर लाल रेघा मारून मारून हात टेकले, आणि त्यानंतर माझी शाळाच सुटली. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर हे लिहिते आहे. ओळी वाकड्या जातात, कारण वही मांडीवर आहे आणि बसायला बांधावरचा दगड. वाचताना कुणाला त्रास झाला तर माफ करावं. तसं वाचणारं कुणी नाही म्हणा. पण हरभरा पुन्हा फुलावर आला आहे आणि मला गप्प बसवत नाही.

हरभऱ्याचं रान सकाळी लांबून राखाडी दिसतं. जवळ गेलं की कळतं, प्रत्येक पानावर दव आहे आणि दवाखाली हिरवा रंग झाकून राहिलाय. त्यात शिरलं की पोटऱ्या चुरचुरतात. हरभऱ्याची आंब, म्हणजे पानांवरचं आंबट पाणी, अंगाला लागते. आमच्याकडे बायका रात्री हरभऱ्यावर धुतलेलं फडकं पसरून ठेवतात आणि पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरतात. पोटदुखीला वर्षभर चालते. माझ्या सासूबाई पसरायच्या, आता मी पसरते. आज सकाळी फडकं पिळताना हाताला जुनी चीर होती ती झोंबली, आणि गेल्या वर्षीचा सगळा हंगाम डोळ्यांपुढे आला.

आमचं रान घोडेगावच्या अलीकडे, कालव्याच्या खालच्या अंगाला. आमच्या आणि सोपान भावजींच्या रानामध्ये जो बांध आहे त्यावर कुपाटी आहे, म्हणजे झाडाझुडपांचं जुनं कुंपण. सोपान भावजी म्हणजे माझे चुलत दीर. कुपाटी कुणी लावली ते कुणालाच माहीत नाही. मोजणीत मात्र ती आमच्या हद्दीत निघाली. शेर आहे, निरगुडी आहे, घाणेरी माजली आहे, मध्येच बोरीची दोन झुडपं, बुडाला तरवड आणि गुडघाभर गवत. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, कुणी आळशी माणसानं साफ करायचं ठेवून दिलंय.

लग्न होऊन आले तेव्हा मी फार लाजायची. अजूनही लाजते, पण तेव्हा कहर होता. रानात सासरे, दीर, गडी सगळे एका झाडाखाली जेवायचे आणि मला त्यांच्यासमोर घास गिळवत नसे. मग मी भाकरी घेऊन कुपाटीच्या आडोशाला जायची. निरगुडीला पाठ लावून बसायची, हूं नाही की चूं नाही. आधी आधी पाखरं मला बघून उडायची. मग एक दिवस एक वटवट्या माझ्या पायाच्या अंगठ्यापासून हातभर अंतरावर उतरला, शेपूट उभं करून माझ्याकडे एक डोळा लावला, आणि आपल्या कामाला लागला. त्या दिवशी मला पहिल्यांदा सासरी कुणीतरी घरातलं समजलं.

घरात सगळे म्हणायचे, हिला तोंड नाही. नसेना. तोंड नसलेल्या बाईसमोर पाखरं कशी वागतात ते तोंड असलेल्यांना कधी दिसायचं नाही.

दव असेपर्यंत खाली कुणी उतरत नाही. कुपाटीच्या उगवतीकडच्या अंगाला सगळी अंग फुगवून बसतात, कापसाची बोंडं लागल्यासारखी. ऊन शेराच्या कांड्यांवर आलं की आधी हलतो तो वटवट्या. एका काडीवरून दुसऱ्या काडीवर, खालून वर, वरून खाली, आणि सारखी बडबड. शिंपी त्याच्यापेक्षा सावकाश. तो पान उलटून बघत नाही, स्वतःच उलटा होतो आणि पानाच्या पोटाकडे बघतो. गुंडाळलेलं पान दिसलं की चोच खुपसून उकलतो, कारण गुंडाळलेल्या पानात कुणीतरी राहत असतं हे त्याला ठाऊक आहे. मग येतो तो हिरव्या-पिवळ्या पाखरांचा घोळका, डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेली. मुलगी त्यांना चष्मेवाला म्हणते, तिच्या पुस्तकात तसं आहे. ती कुपाटीच्या एका टोकाला शिरतात आणि एकमेकींना हाका मारत दुसऱ्या टोकाला निघतात, बाजारात निघालेल्या बायकांसारखी. कुणी मागे राहिलं की सगळा घोळका थांबतो.

एक आहे काळाकुट्ट, पंखावर पांढरा ठिपका. मुलगी म्हणते गप्पीदास, मी म्हणते टेहळ्या. तो कुपाटीच्या सगळ्यात उंच काडीवर बसतो. खाली हरभऱ्यात काही हललं की दगड टाकावा तसा पडतो, आणि परत त्याच काडीवर. चोचीत अळी असेल तर ती आधी काडीवर दोन्ही बाजूंनी आपटतो, आपण चादर झटकतो तशी, आणि मग गिळतो. मुनिया मात्र अळ्यांच्या वाटेला या दिवसांत जात नाहीत. त्या बांधाच्या गवतावर. बी असलेल्या काडीवर बसायचं, आपल्या भारानं ती वाकली की खाली बसलेल्या दुसरीला आयतं बी. हरभऱ्याचा दाणा त्यांच्या चोचीत मावतसुद्धा नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं, पण मला ते ठाऊक आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

गेल्या हंगामातला, दिवाळीनंतरचा रविवार. हरभरा पेरून झाला होता. आमचे हे मंचरला वर्कशॉपमध्ये कामाला आहेत, रविवारी घरी असतात. मी कुपाटीच्या आडोशाला भाकरी खात होते. पलीकडे हे आणि सोपान भावजी उभे होते.

"भाऊ, बुधवारी जेसीबी येतोय," भावजी म्हणाले. "ह्यो सगळा कचरा उपटून टाकू. रस्त्याच्या अंगाची म्या मागल्या वर्षीच काडली, तार मारली. कसं निर्मळ झालं बघा. ही बी जाऊ द्या. पाखरं बसत्यात हितं अन् माजा हरभरा खात्यात. वर बिबट्याची भीती."

"जाऊ दे की मग," हे म्हणाले. "मला काय तिचं लोणचं घालायचंय?"

मला बिबट्याची भीती वाटत नाही असं नाही. संध्याकाळ झाली की मीही मागे बघत बघत चालते. पण बिबट्या उसात लपतो, आणि भावजींचा ऊस आमच्या कुपाटीच्या चौपट उंच आहे. हे सगळं माझ्या मनात आलं आणि भाकरीचा तुकडा हातात धरून मी उठले, कुपाटीला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. पदर डोक्यावर होता की नव्हता, आठवत नाही.

"न्हाई," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले की जणू विहिरीतून आवाज आला.

"काय न्हाई?" भावजी म्हणाले.

"कुपाटी काडायची न्हाई. पाखरं हरभरा खात न्हाईत. अळ्या खात्यात."

भावजी हसले. "आरं व्वा! वैनी बोलल्या! भाऊ, आज पेढं वाटा."

"तुमचा हरभरा पोपटांनी खाल्ला," मी म्हणाले. आता थांबता येत नव्हतं. "पोपट वडाकडनं येत्यात. ह्या बारक्यांच्या तोंडात दाना मावत बी न्हाई."

"बरं, खात्यात अळ्या. पर म्या जेसीबीवाल्याला दोन हजार इसार देऊन बसलोय, त्यो काय परत देनार न्हाई. त्यो कोन भरनार? पाखरं?"

"मी भरते," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन हजार म्हणजे माझ्या दुधाच्या पगारातून वर्षभर बाजूला टाकलेले होते, ह्यांनाही ठाऊक नव्हते. पण भावजींना आता मजा वाटायला लागली होती. ते म्हणाले, "असं करू. हरभरा निघाला की बघू. कुपाटीलगत तुमचा घाटा माज्या घाट्यापरीस चांगला निघाला तर पैसे परत. न्हाई निघाला तर जेसीबी पुन्यांदा येनार, अन् तवा तुमी आडवं यायचं न्हाई. काय भाऊ?"

"मला काय इचारतो," हे म्हणाले. "तिलाच इचार."

मी मान हलवली. घरी जाऊन पैसे आणून दिले. 

पुढचे दोन महिने माझ्यासारखं रान कुणी बघितलं नसेल. मी पावलं मोजली. कुपाटीपासून वीस पावलांपर्यंत वटवट्या आणि शिंपी बिनघोर हिंडतात. त्यापुढे प्रत्येक दोन उड्यांनंतर मान वर. पंचविसाव्या पावलापुढे कुणी जात नाही, कारण वर कधी शिक्रा असेल सांगता येत नाही, आणि शिक्रा आला तर कुपाटी गाठता आली पाहिजे. माझंच बघा, मीसुद्धा जत्रेत भिंतीपासून लांब जात नाही. मला त्यांचं भिणं समजलं, आणि मग काय करायचं ते सुचलं. तुरीच्या वाळलेल्या काठ्या आणल्या आणि वीस पावलांच्या पुढे थोड्या थोड्या अंतरावर रोवत गेले. सरळ ओळीत नाही, जशा जमतील तशा. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी टेहळ्या पहिल्या काठीवर बसला. आठवड्यात तो तिसऱ्या काठीवर होता आणि बाकीचे त्याच्या भरवशावर खाली. त्याचा आवाज बदलला की सगळे एका झेपेत कुपाटीत.

मग हरभऱ्याला दाण्याचे घाटे धरले आणि अळी आली. घाटेअळीची एक खोड आहे. ती घाट्याला भोक पाडून डोकं आत घालते आणि निम्मं अंग बाहेर लोंबतं. जेवणावर वाकलेल्या माणसासारखी, मागून कोण येतंय याचा तिला पत्ता नसतो. कोवळ्या उन्हात वटवट्या यायचा, बाहेरचं अंग चोचीत धरायचा आणि ओढून काढायचा. मी एकदा निंबोळीचं पाणी मारलं होतं, खोटं कशाला सांगू. पण निंबोळीनं राहिलेल्या अळ्या वेचून नेल्या त्या पाखरांनी.

भावजींनी त्याच आठवड्यात एक काम केलं. पाखरांच्या भीतीनं कुपाटीलगत आपल्या बाजूनं चमकणारी पट्टी बांधली, एका बाजूनं लाल आणि दुसऱ्या बाजूनं चांदीची. वारा आला की ती भुंग्यासारखी गुणगुणायची आणि उन्हात डोळे दिपवायची. वर एक बुजगावणं, त्याला स्वतःचा जुना शर्ट. त्या दिवसापासून पलीकडे एक पाखरू उतरेना. सगळी माझ्याकडे. कुपाटीत बसायची पलीकडे पाठ करून आणि उतरायची माझ्या रानात.

मला हे पहिल्याच सकाळी दिसलं. मी बोलले नाही. आयुष्यभर गप्प बसले, पण ते लाजेनं. या वेळचं गप्प बसणं वेगळं होतं. मला जिंकायचं होतं. पलीकडे अळी वाढताना बघत मी माझ्या काठ्या मोजत होते, आणि मला, खरं लिहिते, गोड वाटत होतं.

आठ-दहा दिवसांनी शालन आली. शालन म्हणजे भावजींची बायको, माझी धाकटी जाऊ. हातात उपटलेलं झाड होतं. घाट्यांना भोकंच भोकं.

"अक्का, दोनदा औशीद मारलं. दोनदा! पंप वाहून वाहून ह्यांचा खांदा सुजलाय. अन् हे बघा. पोरीच्या फीचं म्या ह्याच्यावर धरलं व्हतं. तुमचं काय हाय ते सांगा, तुमी काय मारलं?"

मी तिच्या हातातलं झाड बघितलं. माझी तिच्याशी पैज नव्हती.

"पट्टी काड," मी म्हणाले. "पाखरं भित्यात पट्टीला. माज्याकडं अळ्या तीच वेचत्यात."

"ह्ये ऐकायचं न्हाईत. म्हंतील, वैनीनं शिकवून पाठवलं."

"मग सांगू नगं."

शालन हसली, पदरानं डोळे पुसत. दुपारी भावजी घोडेगावला बाजारपेठेत गेले होते. तिनं विळ्यानं पट्टी सरळ कापून गुंडाळली आणि बुजगावण्याचा शर्ट काढून धुवायला टाकला. संध्याकाळी भावजी आले आणि रानात उभे राहून तिच्यावर ओरडले. माझ्यापर्यंत ऐकू येत होतं.

"माजा शर्ट कुनी काडला?"

"मळला व्हता!" शालन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी चष्मेवाल्यांचा घोळका तिच्या बाजूनं निघाला, मग शिंपी, मग सगळे. मागून धरलेले घाटे वाचले. आधीचे गेले ते गेले. पट्टी काढायला सांगून मी माझीच पैज कच्ची केली हे मला कळत होतं. पण सकाळी कुपाटीच्या दोन्ही अंगांना पाखरं उतरलेली बघितली तेव्हा छाती अशी भरून आली की मी काठ्या मोजायचं विसरले.

हुळा भाजायच्या दिवशी सगळे बांधावर जमलो. हुळा म्हणजे हिरव्या घाट्यांसकट हरभऱ्याचे डहाळे जाळावर टाकायचे आणि राखेतून वेचून गरम गरम खायचे. जाळ करायच्या आधी भावजी म्हणाले, "चला वैनी. निवाडा करू."

मी कुपाटीलगत माझ्याकडची दोन झाडं उपटली, त्यांनी त्यांच्याकडची दोन. घाटे सोलत बसलो. माझे जवळजवळ सगळे भरलेले. त्यांच्याकडचे वरचे भरलेले आणि खालचे, म्हणजे आधीचे, पोकळ.

"ते तुमच्या निंबोळीनं," भावजी म्हणाले.

"तुमी दोनदा औशीद मारलं," शालन म्हणाली.

"तू गप ए."

"चला माज्यासंगं," मी म्हणाले.

मी त्यांना माझ्या रानातून चालवत नेलं. दहा पावलांवर एक झाड उपटलं, सोललं. वीस पावलांवर. काठ्यांपाशी. मग काठ्या संपल्या तिथून पुढे, रानाच्या पार टोकाच्या विहिरीकडे. जसजसं पुढे जावं तसतशी भोकं वाढत गेली. विहिरीजवळचं माझं झाड भावजींच्या झाडासारखंच पोकळ निघालं. मी ते त्यांच्या हातात दिलं.

"निंबोळी हितं बी मारली व्हती," मी म्हणाले. "पाखरं हितवर येत न्हाईत."

भावजी कितीतरी वेळ ते झाड फिरवून बघत राहिले. मग मागे वळून कुपाटीकडे बघितलं, मग स्वतःच्या रानाकडे.

"म्हंजी रस्त्याच्या अंगाला," ते म्हणाले, "जिथं म्या तार मारली..."

"तिथं पाखरं कुटनं यायची?" मी म्हणाले.

"च्यायला," भावजी म्हणाले. मग एकदम भान येऊन, "वैनी, माफ करा."

हे मागून आले होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, भावजींकडे बघितलं, आणि म्हणाले, "सोप्या, एवडी वर्सं ही गप बसली म्हून आपलं चाललं. बोलाया लागली असती तर आपल्याला रानातनं हाकलून दिलं असतं." सगळे हसले. मीही हसले. पदर तोंडावर घ्यायचं मला सुचलंच नाही. त्या हुळ्याची चव अजून जिभेवर आहे. राख, मीठ, जिभेला चटका, आणि हातभर अंतरावर कुपाटीत शिंपी ओरडत होता, त्याला आमच्या गर्दीचा राग आला होता.

भावजी वाईट माणूस नाहीत, पण खिशातून पैसे काढताना त्यांना दाढ काढल्यासारखं होतं. हुळ्याच्या दिवशी पाचशे दिले. पुढचे पाचशे पाडव्याला, तेही शालननं आठवण केली म्हणून. तिसरे गणपतीत, "सद्या एवडं धरा" म्हणत. मी एकदाही मागितले नाहीत. जेसीबी परत आला नाही, मला त्यातच सगळं मिळालं होतं.

या वर्षी काठ्या विहिरीपर्यंत गेल्या आहेत. मुलगी म्हणते, आता वहीत सगळं मांडून ठेव, कुठला पक्षी किती पावलं जातो. ठेवते आहे. टेहळ्याची या वर्षी बायको पण आहे, तपकिरी, त्याच्यापेक्षा धीट. ती सत्ताविसाव्या पावलावर बसते आणि तो वीसवर बसून तिला हाका मारतो. मला ती फार आवडते.

आणि काल सकाळी भावजी आले. मी बांधावर होते, हेही होते, पलीकडच्या रानात चार माणसं कांद्याला पाणी देत होती. भावजींनी आधी पंधरा मिनिटं कुपाटीकडे बघत इकडचं तिकडचं बोलून घेतलं. मग म्हणाले, "वैनी, निरगुडीचं थोडं फाटं तोडू का? रस्त्याच्या अंगाला लावतो म्हंतो. तारेच्या आतनं."

"तोडा की. शेराचं बी न्या. पर घाणेरी नका नेऊ, ती आपोआप येती."

"व्हय," ते म्हणाले. विळा घेऊन वाकले, मग परत सरळ झाले, खिशात हात घातला आणि नोट काढली. "अन् हे शेवटचं पाचशे. तुमचं तेवडं ऱ्हायलं व्हतं."

आजवर कुणी पैसे दिले की मी न बघता मुठीत धरायची आणि मान खाली घालून निघून जायची. काल मी नोट घेतली, उन्हाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघितली. मग म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की कांद्यातली माणसं पाणी सोडून माझ्याकडे बघायला लागली, "भावजी, दोन हजार पुरं झालं. सगळं फिटलं."